नाला, मीटर आणि कटऑफ

पर्यावरण किंवा ऊर्जा अभियांत्रिकीच्या पदवीसाठी महाविद्यालय निवडणे ही महाराष्ट्रात साधारण जून ते ऑगस्ट या काळात, म्हणजे नाले तुंबण्याच्या आणि वीज जाण्याच्या मोसमात पार पडणारी कौटुंबिक प्रक्रिया आहे. तिचे टप्पे पाच: शाखा ठरणे, शाखेचा अर्थ कळणे, संस्था सापडणे, संस्था पारखणे आणि पैशांचा मेळ बसणे. प्रत्यक्षात पहिला टप्पा सगळ्यांत शेवटी येतो आणि दुसरा बहुधा तिसऱ्या वर्षाला असताना.

या शाखांकडे वळणारे विद्यार्थी दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारातल्यांना ती शाखा खरोखरच हवी असते. पंचगंगेचा फेस, मुळा-मुठेचा वास किंवा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची राख लहानपणापासून पाहून त्यांनी हे ठरवलेले असते. हा प्रकार दुर्मीळ आहे, आणि असा विद्यार्थी घरात निघाला की आईवडील आधी त्याला कोणी फितवले याचा तपास करतात. दुसऱ्या प्रकारातल्यांची यादी कॉम्प्युटरने सुरू होते, मग कंसात एआय लावलेला कॉम्प्युटर, मग आयटी, मग इलेक्ट्रॉनिक्स असा तिचा उतार असतो. या उतारावर पर्सेंटाइल जसजसे तोकडे पडू लागते, तसतशी पृथ्वीच्या भवितव्याची कळकळ वाढत जाते.

शाखेवर निर्णय देण्यासाठी एक सल्लागार मंडळ आपोआप स्थापन होते. त्यात एक काका असतात. ते विचारतात, "पर्यावरण म्हणजे झाडंच लावायची ना? त्याला चार वर्षं कशाला लागतात?" एक आत्या असतात. ऊर्जा अभियांत्रिकी म्हणजे महावितरणच्या खांबावर चढणे, अशी त्यांची समजूत असते आणि मुलाची उंची पाहून त्या काळजीत पडतात. शेजारचे निवृत्त साहेब "सरकारी नोकरी आहे का त्यात?" एवढाच प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता पेपर उचलतात. शेवटी क्लासचे सर मत देतात: "आत्ता कॉम्प्युटर घेऊन टाक. पर्यावरण काय, पुढेही करता येईल." जगभरची सरकारेही गेली कित्येक वर्षे याच धोरणावर चालली असल्यामुळे सरांच्या मताला घरात वजन प्राप्त होते.

या शाखांत नेमके काय शिकवतात, हा प्रश्न मंडळापुढे येत नाही; म्हणून तो येथे घेणे आवश्यक आहे. माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर दोन तळहात आणि त्यांत एक रोपटे असते. अभ्यासक्रमात रोपटे सापडत नाही, सांडपाणी सापडते. पर्यावरण अभियांत्रिकीचा गाभा पाणी शुद्ध करणे, मैलापाणी निर्धोक करणे, धूर मोजणे आणि कचऱ्याची वाट लावणे हा आहे, यातला शेवटचा शब्दप्रयोग शास्त्रीय अर्थाने घ्यावा. या विषयाचे जुने नाव सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी. नागपूरची केंद्रीय संस्था १९५८ मध्ये त्याच नावाने सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिचे नामकरण 'नीरी' असे झाले. पर्यावरणाला तेव्हा नवी प्रतिष्ठा मिळाली होती. मैलापाणी जुनेच होते.

विद्यार्थ्याची पहिली मोठी ओळख होते ती बीओडीशी. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, हे त्यातून कळते. पारंपरिक चाचणीत नमुना २० अंश सेल्सिअसला पाच दिवस ठेवतात. हे पाच दिवस ब्रिटिशांकडून आले. तिथल्या नद्यांचे पाणी तेवढ्या अवधीत समुद्राला मिळते, असे त्यामागचे कारण सांगितले जाते. भारतात हवा गरम आणि घाई जास्त, म्हणून आपली प्रमाण पद्धत २७ अंश आणि तीन दिवस अशी आहे. जो विद्यार्थी शुक्रवारी नमुना लावतो त्याला सोमवारी यावेच लागते. या चाचणीने शाखेतल्या मुलांना लागलेली शिस्त कोणत्याही प्राचार्यांच्या परिपत्रकाने लागलेली नाही.

ऊर्जा अभियांत्रिकीच्या पुस्तिकेवर सूर्यास्त आणि पवनचक्की असते. आत गेल्यावर मात्र वाफेचे तक्ते, बॉयलर, उष्णतेची गळती, इन्व्हर्टर आणि थर्मोडायनॅमिक्स भेटतात. पवनचक्की येते तीही मर्यादेसह: वाहत्या वाऱ्यातल्या ऊर्जेपैकी जास्तीत जास्त ५९.३ टक्केच काढून घेता येते, हे जर्मन शास्त्रज्ञ बेट्झ यांनी शंभरेक वर्षांपूर्वी गणिताने दाखवले. वाऱ्याच्या बाबतीत हा निष्कर्ष सर्वमान्य आहे. मुलाकडून किती टक्के काढता येतात याला अशी काही मर्यादा असल्याचे पालकवर्गाने अजून मान्य केलेले नाही.

आता संस्था. इथे पहिली अडचण अशी की ही पदवी देणारी ठिकाणे मोजकी आहेत आणि सल्ला देणारी अगणित. आयआयटी मुंबईत ऊर्जा आणि पर्यावरण या दोन्ही विषयांची बी.टेक. आहे. ऊर्जेसाठी आयआयटी दिल्ली आहे. धनबादच्या आयआयटीत, म्हणजे १९२६ मध्ये खाणकाम शिकवण्यासाठी सुरू झालेल्या संस्थेत, पर्यावरण अभियांत्रिकी शिकवतात. कोळसा काढणे आणि त्याचे परिणाम निस्तरणे ही दोन्ही कामे एकाच आवारात शिकता येतात, ही सोय सहसा मिळत नाही. दिल्लीच्या डीटीयूतही पर्यावरणाची पदवी आहे. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या केआयटीने ही शाखा दीर्घकाळ चालवली. एरवी राज्यात हा विषय स्थापत्य अभियांत्रिकीच्या पोटात राहतो आणि व्हीजेटीआय, व्हीएनआयटी यांसारख्या संस्थांत एम.टेक.च्या पातळीवर डोके वर काढतो.

त्यामुळे एक आडवाट सर्रास वापरली जाते. पर्यावरणाकडे जायचे तर आधी सिव्हिल किंवा केमिकल घ्यायचे. ऊर्जेकडे जायचे तर मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल. आणि पुढे गेटची परीक्षा देऊन हव्या त्या विषयात वळायचे. २०२१ पासून गेटमध्ये पर्यावरणशास्त्र व अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही आहे. ही वाट शहाणपणाची आहे. तिचा तोटा इतकाच की चार वर्षांत अनेकांना वळायचे होते याचाच विसर पडतो आणि ते सॉफ्टवेअर कंपनीत सरळ जातात.

राज्यातल्या जागांसाठी सीईटी आणि तिच्यानंतरच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, फेऱ्या यांतून जावे लागते. सीईटीचे दीडशे प्रश्न दोनशे गुणांचे असतात; चुकीच्या उत्तराला दंड नसल्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत राज्यभर एकाच वेळी श्रद्धेची लाट येते. निकालात पर्सेंटाइल दशांशचिन्हानंतर सात आकड्यांपर्यंत मिळते. भौतिकशास्त्राच्या प्रयोगात दुसऱ्या आकड्यापुढे मोजायची कोणाची तयारी नसते. इथे मात्र सातव्या आकड्यावरून दोन कुटुंबांचे बोलणे बंद होऊ शकते.

मग कागदपत्रे. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जातवैधता, ईडब्ल्यूएस यांपैकी जे लागू असेल ते ठरलेल्या तारखेच्या आत लागते. यासाठी महा ई-सेवा केंद्र, तलाठी कार्यालय आणि तहसील कचेरी यांच्यात एक त्रिकोण तयार होतो आणि बाप त्याच्या कडांवरून फिरत राहतो. ऊर्जा नष्ट होत नाही, तिचे फक्त रूपांतर होते, हा सिद्धांत या काळात खोटा ठरल्यासारखा वाटतो.

ऑप्शन फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पसंतीक्रम देता येतात. मराठी कुटुंबाने आयुष्यात दुसऱ्या कशाबद्दलही तीनशे पसंत्या नोंदवलेल्या नसतात; लग्नातसुद्धा दहाव्या स्थळाला होकार जातो. फॉर्म भरायचा सोपा नियम असा आहे की सर्वांत हवे ते सर्वांत वर लिहावे. हा नियम कोणालाही पटत नाही. "मिळणारच नाही ते वर कशाला लिहायचं?" असे म्हणून लोक मिळण्यासारखे वर लिहितात, आणि ते मिळाले की रडतात. २०२५ पासून तर जास्तच सावध राहावे लागते. आता फेऱ्या चार आहेत आणि पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप पक्की होते. दुसऱ्या फेरीत हेच पहिल्या तीन पसंत्यांना लागू होते आणि तिसरीत पहिल्या सहांना. काकांच्या आग्रहाखातर वर लिहिलेले महाविद्यालय अशा रीतीने कायमचे गळ्यात पडू शकते. काका तेव्हा उपलब्ध नसतात.

संस्था पारखण्याची अधिकृत साधने तीन आहेत आणि तिन्ही एकसारखीच ऐकू येतात. नॅक संपूर्ण संस्थेचे मूल्यमापन करते; तिच्या श्रेणीपद्धतीत चारपैकी ३.५१ किंवा अधिक गुण मिळाले की 'ए प्लस प्लस' मिळे. एनबीए संस्थेला नव्हे, एकेका अभ्यासक्रमाला मान्यता देते. 'आमचे कॉलेज एनबीए आहे' या वाक्याचा अर्थ म्हणून शून्य. कोणती शाखा, हे विचारावे. ते महत्त्वाचे अशासाठी की भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला आणि एनबीएची योग्य त्या स्तराची मान्यता असलेली पदवी करारातल्या इतर देशांत समकक्ष धरली जायला मदत होते. तिसरे साधन एनआयआरएफ, म्हणजे केंद्राची क्रमवारी. तिची पहिली यादी २०१६ मध्ये लागली. तेव्हापासून प्रत्येक महाविद्यालय कोणत्या ना कोणत्या यादीत, कोणत्या ना कोणत्या विभागात, कोणत्या ना कोणत्या तालुक्यात पहिले आले आहे.

क्रमवारीपेक्षा तिच्यासाठी संस्थेने भरलेली माहिती जास्त उपयोगी असते. ती संस्थेच्या संकेतस्थळावर सापडते आणि तिच्यात किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती नोकरीला लागले आणि त्यांच्या पगाराचा मध्यक किती, हे लिहिलेले असते. चौकातल्या फलकावर मात्र सर्वाधिक पगार असतो. तो एका मुलाचा असतो, तो मुलगा बहुधा कॉम्प्युटरचा असतो, आणि त्याचा फोटो शेजारच्या दोन महाविद्यालयांच्या फलकांवरही असण्याची शक्यता विचारात घ्यावी. मध्यक म्हणजे अर्ध्या मुलांना ज्याच्याहून कमी मिळाले तो आकडा. फलकावर तो कधीच नसतो, त्यावरूनच त्याचे महत्त्व ओळखावे.

कागदी पारख संपली की प्रत्यक्ष भेट. या भेटीत पालकांना प्रवेशद्वार, वातानुकूलित सभागृह, संस्थापकांचा पुतळा आणि जिम ही चार तीर्थे क्रमाने दाखवली जातात. पर्यावरण किंवा ऊर्जा शिकायची असेल तर यांतले काहीही पाहण्याची गरज नाही. या दोन शाखांचे वैशिष्ट्य असे की संस्थेला तो विषय येतो की नाही, हे तिच्या इमारतीवरच लिहिलेले असते. कॉम्प्युटर विभागाचे प्रोग्रॅम बरोबर चालतात का, हे पालकांना तपासता येत नाही. पर्यावरण विभागाच्या मागचा नाला मात्र कोणालाही पाहता येतो.

पाहण्याजोगी ठिकाणे पुढीलप्रमाणे. पहिले, वसतिगृहाचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, ज्याला सगळे एसटीपी म्हणतात. ते आहे का, असेल तर चालू आहे का आणि कोणत्या कारणाने चालू आहे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. नॅकची समिती येणार असली की पंप सुरू होतो. समितीच्या जेवणाबरोबर जिवाणूंचाही उपास सुटतो. खरेखुरे चालणारे एसटीपी वासावरून कळते. हवा खेळणाऱ्या टाकीतले पाणी चॉकलेटी तपकिरी दिसते आणि त्याला ओल्या मातीसारखा वास येतो. रंग काळा आणि वास कुजक्या अंड्याचा असेल तर हवेचा पुरवठा बंद आहे असे समजावे. शुद्ध झालेले पाणी बागेला जाते का, हेही विचारावे; बाग टँकरवर चालत असेल तर उत्तर मिळाले.

दुसरे ठिकाण गच्ची. सौर पॅनेल हल्ली सगळीकडे असतात. आपल्या हवेत एक किलोवॉटच्या पॅनेलमागे दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज मिळते. संस्थेचा फलक शंभर किलोवॉट सांगत असेल तर रोजचे चारशे युनिट व्हायला हवेत. मीटर दाखवा म्हटल्यावर दाखवणाऱ्याने ताबडतोब आकडा सांगितला तर ऊर्जा विभाग जिवंत आहे. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई रजेवर असेल तर पॅनेलवर बोट फिरवून पाहावे. धुळीत नाव लिहिता येत असेल तर ते पॅनेल प्रामुख्याने माहितीपुस्तिकेला वीज पुरवते.

तिसरे ठिकाण प्रयोगशाळा. उपकरणांवर प्लास्टिकचे आवरण असेल तर ती जपलेली आहेत की न वापरलेली, हे आवरणावरच्या कोळ्याच्या जाळ्यांवरून ठरवावे. बीओडी इन्क्युबेटर उघडून पाहावा. मे महिन्यात हे गार कपाट विभागातले सर्वांत लोकप्रिय उपकरण असते. त्यात नमुन्याच्या बाटल्या जास्त आहेत की जेवणाचे डबे, यावरून संशोधनाची दिशा कळते. तुरटीची योग्य मात्रा ठरवण्याची जार टेस्ट कोण करते, हेही विचारावे. विद्यार्थी करत असतील तर उत्तम. 'मागच्या वर्षीचे रीडिंग आहे' हे उत्तर मिळाले तर जर्नल लिहिण्याचे कौशल्य चांगले विकसित होईल, एवढी खात्री बाळगावी.

चौथे ठिकाण कँटीन. ओला आणि सुका कचरा वेगळा टाकण्यासाठी दोन डबे असतात. ते दोन्ही शेवटी एकाच गाडीत रिकामे होतात का, हे पाहायला संध्याकाळी पाचपर्यंत थांबावे लागते. चहा तिथेच मिळत असल्यामुळे हे सर्वेक्षण जड जात नाही.

पैशांच्या बाबतीत माहिती नसल्याने होणारे नुकसान मोठे असते. ट्यूशन फी वेव्हर योजनेखाली हुशार आणि कमी उत्पन्न गटातल्या विद्यार्थ्यांची शिकवणी फी माफ होते. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत पात्र विद्यार्थ्यांना निम्मी फी परत मिळते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मुलींना पर्यावरण 'झेपेल का' अशी शंका घेणारे काका या ओळीपाशी थांबून हिशेब करतात आणि त्यांना ते झेपेलसे वाटू लागते.

काही कुटुंबे थेट परदेशाचा विचार करतात. तिथे पहिले नाव जर्मनीचे येते, कारण 'तिकडे फुकट आहे' हे वाक्य पुण्यात हवेतूनच पसरते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे खरे; पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता फी लावली आहे. शिवाय कागदपत्रांची एपीएस पडताळणी लागते आणि वर्षाच्या खर्चासाठी बँकेतल्या गोठवलेल्या खात्यात ११,९०४ युरो दाखवावे लागतात. फुकट शिक्षणासाठी एवढे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न मग आजोबांच्या मुदतठेवीकडे वळतो. पवनऊर्जेसाठी डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाची ख्याती आहे. १८२९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेलाही डीटीयू म्हणतात. "पोरगा डीटीयूला आहे" असे कोणी सांगितल्यास अभिनंदनाआधी विमानाचे तिकीट की रेल्वेचे, एवढे विचारून घ्यावे.

शेवटी नोकरी. या शाखांचा रोजगार मुख्यतः कायद्याच्या धाकावर उभा आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषणाचा कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापले. त्यानंतर केंद्राचे पाण्याचा १९७४ चा आणि हवेचा १९८१ चा असे कायदे आले, आणि भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. कारखान्याला उभारणीआधी आणि चालवण्याआधी मंडळाची संमती लागते. साखर कारखान्यांपासून रंगाच्या कारखान्यांपर्यंत सर्वांना सांडपाण्याचे आकडे द्यावे लागतात. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघाताचा अहवाल लागतो. हे आकडे काढणारा, अहवाल लिहिणारा आणि सामाईक शुद्धीकरण केंद्र चालवणारा माणूस या शाखेतून येतो. ऊर्जेच्या बाजूला २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा आणि २००२ मध्ये सुरू झालेला ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो आहे. पदवीनंतर तीन वर्षांचा अनुभव आणि ब्युरोच्या चार प्रश्नपत्रिका पार केल्या की प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक होता येते, आणि दुसऱ्यांच्या कारखान्यात जाऊन 'हा दिवा बंद करा' असे सांगण्याचे पैसे मिळतात. घरोघरी हे काम आई वर्षानुवर्षे विनामूल्य करत आली आहे.

तेव्हा पसंतीक्रम लावताना आधी अभ्यासक्रम वाचावा, मग त्या शाखेची एनबीए मान्यता आणि पगाराचा मध्यक पाहावा, मग फीचा हिशेब करावा, आणि फॉर्म पक्का करण्याआधी एकदा महाविद्यालयाच्या मागच्या बाजूला चक्कर मारून यावी. स्वतःच्या वसतिगृहाचे सांडपाणी आणि स्वतःचे वीजबिल ज्या संस्थेला आवरत नाही, तिने दिलेली पदवी भिंतीवर शोभून दिसेल. यादीत तिला पहिल्या सहांत मात्र लिहू नये.